गाडी जुनी, खर्च मात्र नवा

२०२१ चा दसरा. सकाळची पूजा आटोपून मी दाराला झेंडूचं तोरण लावत होते, तेवढ्यात बार्शीहून मावसबहिणीचा फोन आला. "ताई, आज जेवायला आम्ही तुझ्याकडेच गं. ह्यांनी पुण्यात गाडी घेतलीय, आज ताब्यात मिळणार आहे." मी म्हटलं, "अगं वा! कुठली?" ती जरा थांबली. मग म्हणाली, "नाव काही मला नीट सांगता येत नाही बाई. पण मोठी आहे. काळी. आमदारांकडं असते ना, तसली."

दुपारी ती गाडी आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत आली. मागच्या खेपेला भाऊजींची जुनी गाडी 'बाहेर लावा' म्हणून अडवणारा आमचा वॉचमन, त्या दिवशी चक्क उठून उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला! भाऊजींच्या चेहऱ्यावरचा आनंद मी कधी विसरणार नाही. वीस वर्षं भुसाराच्या दुकानात उभं राहून कमावलेल्या माणसाला एवढं तरी मिळायला हवं, असंच मलाही वाटलं. आम्ही चाकाखाली लिंबं ठेवली, हार घातला, पेढे वाटले.

गाडी आठ वर्षांची. जर्मन बनावटीची डिझेल सेडान, अडुसष्ट हजार किलोमीटर चाललेली, पुण्याची एमएच १२ ची पाटी. नवी असताना किंमत पंचेचाळीस लाखांच्या घरात. भाऊजींना मिळाली बारा लाखांत. "एखादी नवी साधी सेडान घेतली असती तरी एवढेच गेले असते, ताई," ते म्हणाले. हिशेब कुणालाही पटावा असाच होता.

रात्री भांडी आवरताना बहीण हळूच म्हणाली, "चार लाख माझ्या एफडीचे आहेत गं. पोरीच्या इंजिनीअरिंगसाठी ठेवली होती. परवा बँकेत जाऊन मोडली." मी विचारलं, "तुला विचारलं होतं का?" ती म्हणाली, "सही मागितली की."

सही मागितली. मत मागितलं नव्हतं.

मैत्रिणींनो, पुढची अडीच वर्षं त्या गाडीने त्या घराला काय दाखवलं, ते आज बहिणीच्याच परवानगीने लिहितेय. "लिही. फक्त आमची नावं घालू नकोस," एवढंच तिने बजावलंय. कारण असं फक्त तिच्याच घरात घडतंय असं नाही. पुण्या-मुंबईतल्या बड्या लोकांनी चार-सहा वर्षं वापरून सोडलेल्या आलिशान गाड्या आज बार्शी, फलटण, संगमनेर, उदगीर अशा गावांत दिसू लागल्या आहेत. लग्नसराईत तर विचारूच नका. गाडी घ्यायचं ठरतं पुरुषांच्या गप्पांत, पण तिची बिलं भागतात घरखर्चातून. म्हणून हा विषय आपलाही आहे.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

एखादी भारी पैठणी कुणी आपल्याला जुनी म्हणून दोन हजारांत दिली, तरी तिला रफू करायला, पॉलिश करायला पैठणीचाच दर पडतो. रफूवाला काही 'तुम्हाला स्वस्तात मिळालीय' म्हणून कमी घेत नाही. आलिशान गाडीचं अगदी तस्संच आहे.

गाडीची किंमत किती झपाट्याने घसरते, ते विम्याच्या कागदावरच दिसतं. विमा कंपन्या गाडीची जी किंमत धरतात, तिला आयडीव्ही म्हणतात. ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे वर्षभरात ती १५ टक्के कमी धरली जाते, तिसरं वर्ष संपेपर्यंत ३० टक्के, आणि पाचवं वर्ष संपेपर्यंत निम्मी. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत तर कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. शिवाय मोठ्या गाड्यांना जुन्या बाजारात गिऱ्हाईक कमी, म्हणून त्यांची घसरण आणखी जास्त.

पण गाडीची किंमत पाव झाली म्हणून तिच्या दिव्याची, टायरची, गिअरबॉक्सची किंमत पाव होत नाही. ते सुटे भाग पंचेचाळीस लाखांच्या गाडीचेच असतात, आणि त्याच भावाने मिळतात. उलट दरवर्षी थोडे महागच होतात. आपण बारा लाखांची गाडी घेतली असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण पंचेचाळीस लाखांची गाडी सांभाळायला घेतलेली असते. आपल्याकडे म्हण आहेच, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

पुण्यात बनते, मग महाग का?

भाऊजी म्हणायचे, "ताई, ह्या गाड्या आपल्या पुण्यातच तर बनतात. सुट्या भागांची काय चिंता?" निम्मं खरं आहे ते. मर्सिडीज-बेंझने १९९५ मध्ये पिंपरीला, तेव्हाच्या टेल्कोच्या आवारात गाड्या बांधायला सुरुवात केली, आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना काढला. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखानाही चाकणला आला. स्कोडा २००१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याला आली, आणि पुढे ऑडीच्या गाड्याही तिथेच बांधल्या जाऊ लागल्या.

पण 'बांधल्या जातात' आणि 'बनतात' यात फरक आहे. आलिशान गाड्यांचे बरेचसे भाग खोक्यांतून परदेशातून येतात आणि इथे जोडले जातात. पूर्ण गाडी आणण्यापेक्षा असे भाग आणले की आयात कर कमी बसतो, म्हणून ही पद्धत. साध्या गाडीचं तसं नाही. तिचे सुटे भाग आपल्याकडेच लाखोंच्या संख्येने तयार होतात. नाना पेठेत कुठल्याही दुकानात गेलात तर ब्रेक पॅड चार कंपन्यांचे, चार भावांचे मिळतील. आलिशान गाडीचा सेन्सर मागितलात तर दुकानदार फोन लावतो, आणि मग वाट बघायची.

दुसरं असं, की ह्या गाड्यांत यंत्रापेक्षा कॉम्प्युटर जास्त. साध्या गाडीची बॅटरी कोपऱ्यावरचा मेकॅनिक पंधरा मिनिटांत बदलतो. ह्यातल्या बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी बसवली की गाडीच्या कॉम्प्युटरला तसं मशीन लावून सांगावं लागतं. हे मशीन गावातल्या गॅरेजमध्ये नसतं. म्हणजे पान्याने सुटणारं काम नाही हे.

आणि तिसरं कारण म्हणजे वय. किलोमीटर कमी आहेत म्हणून गाडी तरुण, असं नसतं. रबरी बुश, प्लास्टिकच्या पाण्याच्या नळ्या, सील हे सगळं वर्षांवर म्हातारं होतं. उन्हाने, इंजिनाच्या उष्णतेने कडक होतं, तडकतं. आठव्या-नवव्या वर्षी हे भाग एकामागोमाग एक हात टेकतात. पहिल्या मालकाने गाडी नेमकी याच सुमारास का विकली, हे तेव्हा कळतं!

बहिणीच्या वहीतला हिशेब

आमची बहीण वाण्याच्या घरातली. ती दुधाचा हिशेबसुद्धा वहीत लिहिते. त्या वहीच्या मागच्या पानांवर तिने गाडीचं खातं उघडलं होतं. जसंच्या तसं देते.

पहिली सर्व्हिस, तेल, फिल्टर आणि पुढचे ब्रेक पॅड: ४६,००० रुपये. बॅटरी: २४,०००. पुढचे दोन टायर: ४४,०००. पुढच्या चाकांचे आर्म आणि बुश: ७८,०००. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट: ६२,०००. गिअरबॉक्सचं काम: १,१५,०००. दुसरी सर्व्हिस: ३४,०००. झाले ४,०३,०००.

पहिल्या वर्षाचा विमा गाडीबरोबर आला होता. पुढच्या दोन वर्षांचा मिळून ७४,०००. बंद पडलेली गाडी ट्रकवर घालून पुण्याला आणली, त्याचे ९,५००. सगळे मिळून ४,८६,५००.

टायर एवढे महाग कसे, म्हणून मी विचारलं. तर ते 'रन-फ्लॅट' निघाले. पंक्चर झालं तरी काही अंतर हळू चालवता येतात, म्हणून अशा बऱ्याच गाड्यांत जादा चाकच देत नाहीत. जर्मनीच्या गुळगुळीत रस्त्यांवर ठीक आहे. कुर्डुवाडीच्या पुढे रात्री अकरा वाजता खड्ड्यात आपटून टायरची बाजूच फाटली, तर डिकीत जॅक नाही आणि स्टेपनीही नाही!

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. बारा लाखांना घेतलेली गाडी २०२४ च्या पाडव्याच्या सुमाराला विकली, तेव्हा हातात पावणेसहा लाख आले. म्हणजे सव्वासहा लाख किमतीतच गेले. त्यात वरचा खर्च मिळवला की होतात ११,११,५००. तीस महिन्यांत. महिन्याला सदतीस हजारांच्या वर. तेवढ्या काळात गाडी चालली एकवीस हजार किलोमीटर. बहिणीने भागाकार करून ठेवला होता: किलोमीटरला त्रेपन्न रुपये. डिझेल वेगळं.

बार्शी ते पुणे दोनशे किलोमीटरच्या वर. म्हणजे एका फेरीला, एका बाजूचे, दहा हजारांच्या वर रुपये. "एवढ्यात मी विमानानं गेले असते गं," ती म्हणाली, आणि हसली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

इंदापूरची सकाळ

ह्या हिशेबातली गिअरबॉक्सची ओळ कशी आली, ते सांगायलाच हवं.

२०२३ चा ऑगस्ट. भाचीला पुण्याच्या एका कॉलेजात इंजिनीअरिंगची सीट लागली होती. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं, नाहीतर सीट जाणार. पहाटे तिघंही निघाले. टेंभुर्णीला चहा घेतला. इंदापूरच्या अलीकडे गाडीने एक झटका दिला, समोर पिवळा दिवा लागला, आणि त्यानंतर गाडी काही केल्या चाळीसच्या पुढे जाईना. गिअर बदलायचंच बंद झालं.

ह्याला 'लिंप मोड' म्हणतात, असं नंतर कळलं. लिंप म्हणजे लंगडणं. गिअरबॉक्समध्ये बिघाड झाला की आणखी नुकसान होऊ नये म्हणून गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच गाडीला लंगडत चालायला लावतो. म्हणजे त्यात गाडीचं भलंच असतं. पण पाच वाजताच्या मुदतीचं तिला काय ठाऊक?

भाऊजींनी गाडी एका हॉटेलच्या आवारात लावली. इंदापूरच्या एका मेकॅनिकने बॉनेट उघडून बघितलं आणि प्रामाणिकपणे हात जोडले, "साहेब, ह्याला हात लावायला आमच्याकडं काही नाही." मग तिघं रिक्षाने एसटी स्टँडवर गेले आणि स्वारगेटची गाडी पकडली. त्याच वर्षी मार्चपासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट सुरू झालं होतं. मायलेकींचं अर्धं, भाऊजींचं पूर्ण. बहीण म्हणते, "त्या लाल डब्यात बसले आणि पहिल्यांदा वाटलं, आता पोचतो आपण."

पोचले. दीड वाजता स्वारगेट, अडीचला कॉलेज. सीट मिळाली. पण पहिल्या वर्षाची फी होती एक लाख दहा हजार, आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या गॅरेजचं गिअरबॉक्सचं बिल आलं एक लाख पंधरा हजार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने तर त्याच कामाचे दोन लाख दहा हजार सांगितले होते. गिअरबॉक्सच्या पोटात गिअर बदलणारी एक पेटी असते, तिला मेकॅट्रॉनिक म्हणतात. कंपनी ती अख्खी बदलते. बाहेरच्या गॅरेजने तीच उघडून दुरुस्त केली, म्हणून निम्म्यात भागलं.

एफडी तर आधीच मोडलेली. मग फीसाठी शैक्षणिक कर्ज काढलं. पाटल्या मोडायची पाळी आली नाही, एवढंच समाधान.

सगळ्याच गाड्या वाईट नसतात

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. आमच्या कोथरूडमध्येच शेजारी एक काका राहतात. निवृत्त इंजिनीअर. त्यांच्याकडेही अशीच जुनी जर्मन सेडान आहे, आणि कितीतरी वर्षं ती त्यांना सुखाने वापरताना मी बघतेय. मी त्यांना गुपित विचारलं. ते म्हणाले, "गाडी घेतली त्याच दिवशी तिच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढे पैसे वेगळ्या खात्यात टाकले. ते गाडीचेच. घरातल्या कुणी हात लावायचा नाही. आणि ती नादुरुस्त झाली तर माझं काही अडत नाही, स्कूटर आहे."

काकांनी आणखी एक चांगली गोष्ट सांगितली. गाडीच्या कंपनीच्या खोक्यात जो भाग मिळतो, तो बऱ्याचदा गाडीच्या कंपनीने बनवलेलाच नसतो. बॉश, झेडएफ, माले, मान अशा कंपन्या तो बनवून पुरवतात. तोच भाग त्या उत्पादकाच्या स्वतःच्या खोक्यात घेतला, तर बहुतेक वेळा बराच स्वस्त पडतो. अशा गाड्यांवर काम करणारी स्वतंत्र गॅरेजेस पुण्यात आहेत. ओळखीचा, भरवशाचा मेकॅनिक मिळाला की निम्मी लढाई जिंकली, असं काका म्हणतात.

म्हणजे गाडी वाईट नव्हती. तिच्या जवळ गॅरेज नव्हतं, तिच्यासाठी बाजूला काढलेले पैसे नव्हते, आणि तिच्याशिवाय घराचं अडत होतं. ह्या तीनही गोष्टी भाऊजींच्या बाबतीत उलट्या होत्या. लहान गावातल्या बहुतेक घरांत त्या उलट्याच असतात.

इतकी स्वस्त का, ते आधी विचारा

भाजी घेताना आपण विचारतोच ना, 'एवढी स्वस्त का लावलीय?' मग गाडी घेताना का विचारू नये? स्वस्ताईची कारणं बऱ्याचदा पुढे दिलेल्यांपैकी असतात.

एक, पाण्यात बुडालेली गाडी. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला काय झालं, ते तर आपण सगळ्यांनी बघितलंय. अशा वेळी पाण्यात राहिलेल्या गाड्या वाळवून, पॉलिश करून बाजारात येऊ शकतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, टोकाला चिखलाचा डाग दिसतो का. सीटखालच्या पट्ट्या गंजल्यात का, कार्पेटखाली ओलसर वास येतो का, तेही बघा. आलिशान गाडीत वायरिंग आणि कॉम्प्युटर बऱ्याचदा सीटखाली, कार्पेटखालीच असतात. पाण्याने खाल्लेली वायर वर्षभराने बोलते.

दोन, दिल्लीची गाडी. दिल्ली परिसरात २०१५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर कोर्टकचेरीची टांगती तलवार आहे. नियम मधूनमधून कडक-सैल होतात, पण त्या भीतीने तिथल्या भारी गाड्या कमी भावात बाहेर विकल्या गेल्या. अशी गाडी स्वस्त दिसते. पण तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र आणावं लागतं, महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, आणि इथली नोंदणी करावी लागते. हे पैसे किमतीत धरूनच तुलना करा.

तीन, मागे फिरवलेला किलोमीटरचा आकडा. हल्लीचा आकडा कॉम्प्युटरवरचा असला तरी तो बदलणारे महाभाग आहेत. गाडीच्या चासी नंबरवरून त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या नोंदी निघू शकतात. विकणारा जर म्हणाला, 'नोंदी नाहीत, सगळं काम बाहेर केलंय,' तर बिलं मागा. बिलंही नसतील तर उठा.

कागद म्हणजे कवच

इथे आपण बायका हमखास मागे राहतो, म्हणून मुद्दाम लिहिते. गाडी विकत घेतली की मालकाचं नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आधीच्या मालकाचं कर्ज असेल, तर फेडल्याचा बँकेचा कागद आणि फॉर्म ३५ हवा. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं.

आणि गाडी विकली, तर? तेव्हा तर जास्त जपायचं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकली, पैसे मिळाले, पण नाव बदललं नाही, आणि घेणाऱ्याने कुणाला उडवलं, तर भरपाईचा दावा आपल्या घरावर येतो. म्हणून नाव बदलल्याची नोंद परिवहनच्या मोबाइल ॲपवर स्वतः बघा. आता १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओची अधिकृत परवानगी लागते. ती त्याच्याकडे आहे का, हे विचारायला लाजू नका.

विम्याचंही एक बघून ठेवा. अपघाताच्या दाव्यात प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. पूर्ण पैसे देणारा 'झिरो डेप' विमा बहुतेक कंपन्या पहिल्या पाच वर्षांपर्यंत देतात, काही थोडा पुढेही देतात. आलिशान गाडीचा पुढचा एक दिवा फुटला, तरी त्याचा खर्च एखाद्या स्कूटीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो. त्यातले निम्मे आपले!

सही करण्याआधी हे सात प्रश्न

१. ह्या गाडीचं गॅरेज आपल्या गावापासून किती लांब आहे? बंद पडली तर आणायची कशी, आणि कितीला?

२. चार टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, पुढचा दिवा आणि गिअरबॉक्सची दुरुस्ती, ह्या पाच गोष्टींचे भाव गाडी घेण्याआधी फोन करून विचारले का?

३. ओळखीच्या, पण विकणाऱ्याच्या ओळखीच्या नव्हे, अशा मेकॅनिककडून मशीन लावून तपासणी केली का? ह्यात दोन-तीन हजार गेले तरी चालतील, तेच सगळ्यात स्वस्त पैसे.

४. सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी, विम्याचे जुने दावे बघितले का?

५. गाडीच्या किमतीच्या निदान पाव हिश्शाएवढे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला उरतात का? उरत नसतील, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही. मग किंमत कितीही कमी असो.

६. लिहून दिलेली वॉरंटी आहे का? गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स त्यात धरलंय का? कंपन्यांच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या दालनात किंमत थोडी जास्त असते, पण तपासणी आणि वॉरंटी मिळते.

७. हे पैसे कशासाठी ठेवले होते? त्या कामाची तारीख कधी आहे?

शेवटचा प्रश्न गाडीवाल्याला नाही, घरातल्या घरात विचारायचा आहे. बहीण म्हणते, "मला गाडीतलं काही कळत नाही, म्हणून मी गप्प बसले. पण टायर कितीला मिळतो, हे विचारायला गाडीतलं काय कळावं लागतं?" अगदी खरंय. आपण मिक्सर घेताना भांडं वेगळं मिळतं का, गावात दुरुस्त होतो का, हे विचारून दुकानदाराला भंडावून सोडतो. तीच अक्कल इथे लागते. दुसरी कुठलीच नाही.

गाडी गेली त्या दिवशी भाऊजी दिवसभर दुकानाच्या बाहेर आले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही, वाईटच वाटलं. माणसाने हौस करू नये असं थोडंच आहे? त्यांनी फक्त हौसेची किंमत विचारली, ती सांभाळायचा खर्च विचारायचा राहिला.

नंतर दोन महिन्यांनी त्यांनी एक साधी, चार वर्षांची, पेट्रोलवरची छोटी गाडी बघितली. विकणाऱ्याचा फोन आला तेव्हा भाऊजींनी तो बहिणीच्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच विचार काय ते."

तिने पदर खोचला, वही उघडली आणि पहिला प्रश्न टाकला, "दादा, टायर कितीला पडतो हिचा?"